हौसाचं शेवटचं वाक्य

१२ नोव्हेंबर, झरी
ठरलं. यंदा जत्रेला पुन्हा 'साक्ष हौसाची'. नऊ वर्षांनी. बैठक माणिकरावांच्या ओसरीवर. मंडळाचे अध्यक्ष, पण चहा पाणचट.
हौसा कोण करणार म्हटल्यावर सगळे चपला बघायला लागले. शकूबाई समोरच बसलेल्या. हौसा तिशीतली, बाई चौसष्टच्या. माणिकराव चाचरत म्हणाले, "परभणीला एक प्राची म्हणून पोरगी हाय. स्पर्धेत हीच भूमिका करायलीय. लय नाव झालंय तिचं."
बाई म्हणाल्या, "मग बोलवा की तिला. पहिल्या रांगेत बसवू. शिकेल काहीतरी."
विषय खल्लास.
पुस्तक मी धरणार, अडखळेल त्याला शब्द द्यायला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. खुर्च्या-सतरंज्यांसारखा मीही धरलेलाच असतो. एकतीस वर्षं झाली विंगेत बसून.

१६ नोव्हेंबर
पेटीतून पुस्तक काढलं. गुरुजींच्या अक्षरातली मूळ वही, कडा खाल्लेल्या. गुरुजी आपल्याच शाळेवर मास्तर होते. एवढं एकच नाटक लिहिलं, पण जिल्हाभर झालं, रेडिओवर झालं. देवीची नथ जाते. आळ येतो रोजानं निंदायला जाणाऱ्या हौसावर. तिसऱ्या अंकात ती पंचांपुढं उभी. शेवटी तिला दोनच वाक्यं. "नथ मी घेतली नाही. पण घ्यायला पाहिजे होती." पडदा.
एकदा विचारलं होतं त्यांना, गुरुजी, नथ खरंच कुणी घेतली? म्हणाले, "ते मला माहीत असतं तर नाटक कशाला लिहिलं असतं, दिगंबर?"

२१ नोव्हेंबर
शाळेच्या हॉलात पहिली तालीम. बाई दुसऱ्या अंकात दोनदा अडखळल्या. मग तिसऱ्या अंकातलं भाषण दुसऱ्यातच सुरू केलं. मी शब्द दिला. ऐकलाच नाही. पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. तर सगळ्यांसमोर,
"दिगूभाऊ, झोपलात का? कुठलं पान वाचताय?"
पोरं हसली. मी पान बरोबर धरलं होतं. बोट अजून त्याच ओळीवर होतं.

२२ नोव्हेंबर
हे आजचं नाही. बाई नव्या मास्तरीण होत्या, मी त्याच शाळेत कारकून. मस्टरवर सही करताना मी म्हणालो होतो, "बाई, पहिलं वाक्य हळू म्हणा, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मग थांबा. पहिल्या रांगेतल्या बड्या लोकांच्या तोंडाकडं एकेक करून बघा. आणि मग दुसरं वाक्य." त्यांनी केलं. लोक उठून उभे राहिले. पुढची वीस वर्षं हौसा म्हणजे तीच नजर.
पेपरात मुलाखत आली. "ती नजर मला आतून सुचली." माईकवाल्याचं नाव होतं. साड्या देणाऱ्या दुकानदाराचं होतं. माझं…
कात्रण आहे अजून.

२६ नोव्हेंबर
यष्टीनं परभणीला गेलो, प्राचीचा प्रयोग बघायला. चोवीस-पंचवीसची. तिची हौसा पहिल्याच वाक्याला हसते. "नथ मी घेतली नाही", आणि फिस्सकन हसते. म्हणजे घेतलीय, आणि अशी लपवलीय की तुमच्या बापाला सापडणार नाही. दुसरं वाक्य पंचांची टिंगल केल्यासारखं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला वाईट वाटलं की मजा आली, सांगता येत नाही. मजाच आली.
येताना नामदेवअण्णा आठवले. पहिली हौसा. आडदांड गडी, मिशी काढून लुगडं नेसायचे. त्यांची हौसा पहिल्या वाक्याला पंचांच्या पायावर पडायची आणि असा हंबरडा फोडायची की दुसरं वाक्य कुणाला कधी ऐकूच आलं नाही. बायामाणसं पदर तोंडात घालून रडायची. मग शकूबाई गावात आल्या. "बाई असताना बाप्या कशाला?" अण्णांच्या शेवटच्या प्रयोगाला कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी अण्णांनीच विंगेत उभं राहून बाईंच्या निऱ्या काढून दिल्या. अण्णा गेले तेव्हा शोकसभेत बाई बोलल्या, "ते फार रडायचे." बस, एवढंच.
तीच दोन वाक्यं. तिघांची तीन माणसं.

२७ नोव्हेंबर
तालमीआधी बाईंना प्राचीचं सगळं सांगितलं. हसणं, शिट्ट्या, टाळ्या. काही राखून ठेवलं नाही, थोडं वाढवूनच सांगितलं. बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाल्या, "हौसा हसेल कशाला? तिला कळलीच नाही हौसा." आवाज मात्र बारीक.

३ डिसेंबर
आज कळलं.
बाईंकडं उतारे नेऊन द्यायला गेलो. त्या न्हाणीत होत्या. सून मीना चहा घेऊन आली, दारातच उभी राहिली.
"काका, एक सांगू का? कुणाला बोलू नका. आई पहाटे उठून शाळेला निघाल्या होत्या परवा. पर्स घेऊन. सहा वर्षं झाली रिटायर होऊन. चौकातून परत आणलं. भाजीत दोनदा मीठ टाकायल्यात. ह्यांना पुण्याला फोन केला तर म्हणे, वयामुळं होतं."
"डॉक्टर?"
"नाटक झाल्यावर जाऊ म्हणायल्यात. नाटक करू द्या म्हणतात फक्त. तुमी हावच ना काका विंगेत. तुमी सांभाळून घ्या."
मी म्हणालो, घेतो की.
निघताना कॉटवर बाईंचं लुगडं पडलेलं दिसलं, प्रयोगाचं. पदराच्या आतल्या बाजूनं पेनानं ओळी लिहिलेल्या. मुलं परीक्षेला लिहून नेतात तशा. मी शाळेत तीस वर्षं कॉपी पकडली…
माणिकरावांना सांगायला पाहिजे. प्राची एका फोनवर आली असती. सांगितलं नाही. पडू दे. भर जत्रेत, भरल्या मैदानात, एकदा पडू दे.

११ डिसेंबर
तालीम. शेवटचं वाक्य बाईंना पाठ आहे. बाकीचं मी भरवतो. घास घास. एकेक शब्द माझ्याकडून घेतात आणि लोकांना वाटतं काय ही स्मरणशक्ती. माणिकराव म्हणाले, "बाईंना बघा, या वयात! आणि तुमी सारखं खुसुरखुसुर करायलाव मधी."

१८ डिसेंबर
प्रयोग झाला. लिहितो.
मैदान गच्च. परभणीहून प्राची आलेली, तिच्याबरोबर अमोल म्हणून दाढीवाला दिग्दर्शक. याच नाटकावर सिनेमा करायचा त्याच्या डोक्यात, हौसा प्राचीच करणार. बाईंचा प्रयोग आठवण म्हणून कॅमेऱ्यात घ्यायला आला होता.
दोन अंक मी वाहून नेले. घसा बसला. तिसऱ्या अंकात बाईंनी पदर दोनदा उलटून बघितला, घामानं शाई फुटली होती. मी शब्द देत राहिलो. शेवट आला. पंच बसलेले. बाई पुढं आल्या.
"नथ मी घेतली नाही."
मी सांगितलं होतं तसंच म्हणाल्या. वेळ सांगितल्यासारखं. मग थांबल्या, पहिल्या रांगेकडं बघितलं. नजर सरकली नाही. एकाच जागी राहिली. मग मान हळूहळू विंगेकडं वळली.
माझ्याकडं.
त्यांचं ते पाठ असलेलं एकच वाक्य गेलं होतं.
माझ्या तोंडात होतं ते. चार शब्द. मी वही मिटली, मांडीवर ठेवली आणि त्यांच्याकडं बघत बसलो.
किती वेळ ते माहीत नाही. मैदानात पोर रडलं तेवढंच. बाईंचे ओठ हलले. मग हात हलले. कमरेला चाचपलं. पदराची गाठ सोडून बघितली, ओच्यात बघितलं, अंबाड्यात बोटं घातली. खाली वाकून स्टेजवर. पुन्हा कमरेला. लहान पोरासारखं तोंड झालेलं. शब्द शोधत होत्या हो. शब्द.
लोकांना वाटलं नथ शोधतेय.
आधी मागं एका बाईनं हुंदका दिला. मग सगळं मैदान. असल्या टाळ्या मी एकतीस वर्षांत ऐकल्या नाहीत. पडदावाल्यानं घाबरून पडदा सोडला.
आत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बोलतील, चप्पल काढतील.
"दिगूभाऊ, सुरू कधी करायचं?"

१९ डिसेंबर
अमोल घरी आला. डोळे लाल, झोपला नसावा. "काका, आजवरच्या सगळ्या हौसांना माहीत होतं. कुणी निर्दोष, कुणी चोर. ही पहिलीच हौसा, जिला स्वतःलाच माहीत नाही आपण घेतली का! काय काढलंय बाईंनी!" सिनेमात प्राची नको, बाईच पाहिजेत म्हणतो.
मी पाडायला गेलो होतो.
प्राचीनं बाईंच्या पायावर डोकं ठेवलं म्हणे. बाईंनी विचारलं, "कितवीत आहेस?"
लोक हसले. बाईंचा टोमणा वाटला त्यांना.

२८ डिसेंबर
मीनानं परभणीला दाखवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, थांबणारा न्हाई म्हणाले. सिनेमाला तिचा नकार. माणिकरावांना मात्र गावाचं नाव करायचंय. सगळे बसले. मीना म्हणाली, काका रोज तालमीला होते, त्यांना विचारा, आईंना झेपंल का.
सगळे माझ्याकडं. पहिल्यांदा, सगळे.
मी म्हणालो, "ठणठणीत आहेत बाई. काम मिळालं तर उलट बऱ्या होतील."
मीनानं हात जोडले मला.

९ जानेवारी
देवगाव फाट्याच्या पुढं, एका वावरात शूटिंग. मला गाडी पाठवली. बाई माझ्याशेजारी, खिडकीतून पाट्या वाचत होत्या, मोठ्यानं, वर्गात वाचावं तशा.
नुसता शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. बाई उभ्या राहिल्या आणि दोन्ही वाक्यं खणखणीत म्हणाल्या. नजरेसकट. वीस वर्षांपूर्वीच्या बाई. माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला.
अमोलला ते नको होतं. पुन्हा. पुन्हा तसंच, खणखणीत. सहा वेळा. ऊन डोक्यावर. अमोल मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, त्या दिवशी नक्की काय झालं होतं? तुम्ही समोरच होता."
सांगायला नको होतं. पण कुणीतरी मला विचारत होतं. माझं ऐकत होतं, वहीत लिहून घेत होतं. सांगितलं. "त्यांनी विंगेत बघितलं आणि मी वही मिटली."
त्यानं मला कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. वही उघडी धरायला सांगितली. पहिलं वाक्य झालं की बाईंना दिसेल अशी मिटायची.
सातव्या वेळी बाईंनी मला बघितलं, चमकल्या, पण म्हणाल्या. आठव्या वेळी आवाज कापला. नवव्याला चार शब्दांतले दोनच आले. दहाव्याला मी वही मिटली आणि मान हलवली. नाही म्हणून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला आतून सुचलं.
बाईंचं सगळं गेलं. चाचपायला लागल्या. कमर, ओटी, केस. मग खाली बसून हातानं माती उकरायला लागल्या. अमोल कुजबुजला, "बंद करू नका, चालू ठेवा." लुगडं ओलं झालं होतं. मागून दिसत होतं. बाई उकरतच होत्या.
प्राची बघायला आली होती. ती कॅमेऱ्यासमोरून धावत गेली, आपली ओढणी बाईंच्या कमरेभोवती गुंडाळली, जवळ घेतलं. अमोल ओरडला तिच्यावर. ती माझ्याकडं वळली.
"काका, तुमी काय केलंव हे? त्या तुमच्याकडं बघायलत्या ना!"
जेवायला वांग्याची भाजी होती. जेवलो.

१७ जानेवारी
मीनाचा फोन. शूटिंगपासून बाई नथ शोधायल्यात. कपाटं, ज्वारीची कोठी, नातीचं दप्तर. दिसेल त्याला विचारतात, मी घेतली का हो?
गेलो. कॉटवर बसलेल्या, नखांत माती.
"दिगूभाऊ, खरं सांगा. नथ मी घेतली का?"
"नाही बाई. नाटकातली आहे ती."
"सगळे असंच म्हणतात. मला वाईट वाटू नये म्हणून." रडल्या. शकूबाईंना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. हौसा म्हणूनसुद्धा.

२५ जानेवारी
पुन्हा गेलो. तेच. नाही म्हटलं की जास्त रडतात. जेवत नाहीत. घरात आता फक्त माझं ऐकतात, बाकीच्यांना ओळखत नाहीत धड. मीना म्हणते, "तुमी येत जा काका. तुमी आलाव की जरा सुधारतंय."
रोज जातो. खरं सांगायचं तर मला आवडतं जायला.

४ फेब्रुवारी
आज म्हणून टाकलं. का, ते विचारू नये, या वहीनंही. चहा झाला, त्यांनी विचारलं, मी घेतली का, आणि मी म्हणालो,
"हो बाई. घेतली."
खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडं बघितलं. "वाटलंच मला," म्हणाल्या. मग मीनाला हाक मारून जेवायला मागितलं. दीड भाकर खाल्ली. मीना आत जाऊन रडली, आनंदानं.
म्हणजे चांगलं झालं की.

६ फेब्रुवारी
आज विचारत होत्या, "कुठं ठेवली मी?" मी म्हणालो, तुम्हालाच माहीत. आठवा.

१० फेब्रुवारी
बाई खुशीत. मीना दळण आणायला गेलेली. बाईंनी दार लोटलं, उशीखालून रुमाल काढला, माझ्या मुठीत कोंबला.
"सापडली. देवीला नेऊन द्या. कुणाला सांगू नका, दिगूभाऊ. माझी नोकरी जाईल."
रुमालात नथ. खरी. मोत्यांची, सोन्यात. मीनाची असणार, लग्नातली.
तेवढ्यात मीना आली. आल्या आल्या द्यायची होती मी तिला. बाई माझ्याकडं बघत होत्या, तोंडावर बोट ठेवून. मी रुमाल खिशात घातला. उद्या देऊ म्हटलं.

१२ फेब्रुवारी
दिली नाही. काल पाहुणे होते तिकडं. आज अमोलचा फोन आला तासभर. सिनेमा जमलाय म्हणे. परभणीत दाखवणार, बाईंचा सत्कार. नावांच्या पाट्यांत माझं नाव टाकायलाय, वेगळं, एकट्याचं. मला विचारलं, नावाखाली काय लिहू काका?

१३ फेब्रुवारी
मीना आली घरी, धापा टाकत. नथ गेली. कपाटाच्या किल्लीची जागा आई आणि ती, दोघींनाच माहीत, आणि झाडूपोछा करताना कांताबाईला दिसत असणार. कांताबाई सहा वर्षं तिच्याकडं भांडी घासते. नवरा ऑटो चालवतो, मुलगी दहावीला.
"तिनंच घेतली काका. पोरीच्या शिकवणीला पैसे मागायलती मागं. माणिकरावांना सांगितलंय. उद्या सकाळी नऊला त्यांच्या ओसरीवर बोलवलंय तिला, चार माणसांत. तुमी बी या. तुमी जुने हाव, तुमचं सगळे ऐकतेत."
मी विचारलं, "आईंनी घेतली नसेल कशावरून?"
"आईंना गाठ सोडता येत न्हाई आता लुगड्याची. त्या कुलपाला किल्ली काय लावणार."
रुमाल तिच्यापासून चार हातांवर, टेबलाच्या खणात. मीना उठली, पाणी प्यायली, गेली.
मागं धावत जाऊन देता आली असती. चपलाही घातल्या होत्या.
सांगितलं तर बाई चोर. मग विचारतील बाईंच्या डोक्यात नथ घातली कुणी. चार दिवस दाबून का ठेवली. नाही सांगितलं तर कांताबाई.
दुपारी ती नळावर दिसली. तिला कळलेलं होतं. बादली भरून वाहायली होती आणि ही नुसती उभी. मला बघून पदर सारखा केला, म्हणाली, "गुरुजी, तुमी येणार हाव ना उद्या?" कारकुनाला गुरुजी म्हणते ती, पहिल्यापासून.
येणार म्हटलं.
तिला बोलता येत नाही चार माणसांत. मान खाली घालून बोलते, अर्धं वाक्य गिळते. रडेल का. पाया पडेल. की वर बघेल माणिकरावांकडं, एकदाच. हसण्यातली नाही. मी संध्याकाळपासून हेच बघायलोय डोळ्यांपुढं. तिला ओसरीवर उभी करतोय आणि बघतोय. मला माझी हौसा…
असो.
खण उघडून रुमाल वर ठेवलाय, चष्म्याशेजारी. नऊला जायचं. सोबत न्यायचा का नाही, ते सकाळी.